वल्ह्याच्या जागी घागर

"तुमी फसवलंत आमाला. साहेब, तुमीच. दुसऱ्या कुणाकडं बोट नाय माझं."

नवसी मांडवात उभी राहून हे बोलली तेव्हा मूर्तीवरचा पडदा नुकताच खाली आला होता आणि तो ओढायची दोरी अजून साहेबांच्या हातातच होती. कर्ण्यावर सनईची तबकडी लावलेली, ती वाजतच राहिली. टाळ्या वाजवायला उचललेले हात मात्र तसेच राहिले.

नव्या देवळाच्या गाभाऱ्यात देवी उभी होती. जिच्यासाठी तिवरपाड्याने आपली घरं सोडली, ती देवी. म्हणजे साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ती. डोक्यावर मुकुट, गळ्यात तीन पदरी हार, उजव्या हातात पाण्याची घागर, डाव्या हातात कमळ. पायाखाली कासव. आणि खाली संगमरवरी पाटी: श्री यमुनादेवी.

"वल्हं कुठाय?" नवसी पुढे सरकली. "आमच्या आईच्या हातातलं वल्हं कुठाय? ही पाण्याला निघालेली बाई कुठनं आणून उभी केलीत?"

साहेबांच्या शेजारी बसलेला मुंबईचा एक पाहुणा हसला. साहेब हसले नाहीत. साहेब फार सभ्य माणूस. ते म्हणाले, "बाईंना पाणी द्या. ऊन लागलंय त्यांना."

शिपायाने खरंच तांब्या आणून तिच्यापुढे धरला. नवसीने तो बघितला, शिपायाला बघितलं, आणि मग मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. तिला वाटलं होतं, सगळा पाडा आता उठेल. पाडा बसून होता. आणि साहेबांकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

तिचा धाकटा दीर चिंधू पहिल्याच रांगेत होता. तो एवढंच म्हणाला, "वयनी, आमी तुझ्या शब्दावर उठलो."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिवरपाडा म्हणजे दांडी गावाच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी असलेली मच्छीमारांची मूठभर घरं. नवसी तिथे मुरब्याहून सून म्हणून आली आणि पाड्याचीच झाली. बोंबील बांबूंच्या वलांडीवर वाळत घालायचे, वाळले की टोपली डोक्यावर घेऊन बोईसरचा बाजार गाठायचा, गिऱ्हाईकाने भाव पाडला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हे तिचं आयुष्य. नवरा, महादू, ऐन समुद्रात दोनदा मरणाच्या दारातून परत आलेला. शेवटी घरात खाटेवर तापाने गेला. नवसी म्हणायची, "पाण्यानं सोडला माझा माणूस, हिवतापानं नाय सोडला." रडायचीही आणि सांगताना हसायचीही.

महादूच्या घराकडे देवीचा मान होता. तेल, नारळ, नव्या होडीची पहिली ओटी या घरातून जायची. महादू गेल्यावर ते सगळं नवसीकडे आलं, आणि कुणी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायची सोयच नव्हती तिच्यापुढे.

देवी म्हणजे काय, तर खाडीच्या तोंडावरच्या खडकातूनच वर आलेला एक काळा सुळका. कुणा पूर्वजाने त्यावर ढोबळ रेघा कोरलेल्या. उपटून नेता येईल असा दगडच नव्हता तो. आणि त्या देवीचं नाव जमिनीवर कुणी घ्यायचं नाही, अशी पाड्याची रीत. समुद्रात होडी आडवी व्हायला लागली, पाणी आत आलं, की तेव्हा आणि तेव्हाच ते नाव मोठ्याने घ्यायचं. हाक कानावर पडली की देवी असेल तशी उठून निघते, असं ही माणसं मानत. मग घरबसल्या नाव घेऊन तिला उगाच हेलपाटा कशाला घालायचा? दोनदा फुकट आली तर तिसऱ्यांदा ती कशाला येईल? म्हणून किनाऱ्यावर तिला नुसतं 'आई' म्हणत, नाहीतर 'वल्हेवाली'. नाव बापाने मुलाला सांगायचं ते होडीत, किनारा दिसेनासा झाल्यावर. बायांना ते कळायचं नवऱ्याकडून, तेही कानात.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात जीपगाड्या यायला लागल्या. किनाऱ्यावर मोठं बांधकाम होणार होतं आणि तिवरपाडा नेमका मधे येत होता. त्या बांधकामाचे साहेब गोड बोलले. नवी घरं देऊ, कौलारू देऊ, विहीर देऊ. माणसं ऐकून घेत आणि जाळी विणत बसत. 'हो' नाही, 'नाही' नाही. दोन महिने असं चाललं तेव्हा साहेबांना कुणीतरी सांगितलं की हे घरासाठी अडलेले नाहीत, देवीसाठी अडलेत.

मग साहेब एका चष्मेवाल्या गृहस्थांना घेऊन आले. मोठे अभ्यासक होते म्हणे, देवादिकांच्या मूर्तींवर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खाटा टाकल्या, चहा झाला.

"तुमच्या देवीचं देऊळ आम्ही बांधून देऊ," साहेब म्हणाले. "आणि मूर्ती अगदी तुम्ही सांगाल तशी. माझा शब्द."

चष्मेवाल्यांनी विचारलं, "देवीचं नाव काय?"

"नाव नाय घेत आमी," नवसी म्हणाली.

"अहो, नावाशिवाय ओळखायची कशी?"

"तुमी बायकोला नावानं ओळखता काय? पाठमोरी दिसली तरी ओळखताच ना?"

बायांनी पदर तोंडाला लावले. साहेबसुद्धा हसले. चष्मेवाले म्हणाले, "बरं, मग खुणा सांगा."

आणि नवसीने सांगितल्या. एवढं मन लावून तिने जन्मात कुणाला काही सांगितलं नव्हतं. "उजव्या हातात वल्हं. पात वर. म्हंजे ती वल्हवत नाय, वाट बघतेय. डावा हात रिकामा, असा पुढं काढलेला."

"रिकामा? देवीच्या हातात काहीतरी असतं बाई. कमळ, शंख..."

"बुडत्याच्या हातात काय फुलं देणार?" नवसी म्हणाली. "रिकामाच. धरायला. केस मोकळे नि ओले. डोक्यावर काय नाय. पाण्यातनं येणारीच्या डोक्यावर राहणार काय? आणि खाली कासव. त्याचं तोंड जमिनीकडं. कासवीण अंडी घालायला किनाऱ्यालाच येते ना, तशी ही आमची माणसं घेऊन येते."

चष्मेवाले कासवाशी थांबले. "कासव? नक्की कासवच?"

"नाय, बोकड," चिंधू मागून पुटपुटला.

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. ते साहेबांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले, साहेबांनी मान डोलावली. नवसीला वाटलं, आपल्या आईच्या खुणा ऐकून या माणसाला एवढा आनंद झाला! तिचा जीव भरून आला. तिने त्यांच्यासाठी सुक्या बोंबलांची जुडी बांधून जीपमध्ये ठेवली. ते खात नव्हते. शिपायाने नेली.

त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस ती घरोघर बोलत होती. चिंधूचं म्हणणं एकच. "दगड सोडून जायचं नाय. आपली आई त्या खडकात हाय."

"खडकात नाय, खुणांत हाय," नवसी म्हणायची. "तुझा आजा वारला तेव्हा तू जन्मलास. गालावरचा तीळ बघून म्हातारी बोलली ना, आजाच परत आला म्हणून? तीळ दिसला, माणूस ओळखला. तसंच हे. खुणा बरोबर असल्या की आई येते."

"आणि बरोबर नसल्या तर?"

"साहेबानं शब्द दिलाय."

"तुला दिलाय. मना नाय."

"मंग मी तुला देते," नवसी म्हणाली. आणि मोठ्या भावजयीच्या शब्दापुढे चिंधू गप्प बसला.

मूर्ती करायला माणूस आला तो पुंजाराम. नगरकडचा गवंडी, बोईसरला बांधकामावर होता. हात चांगला, म्हणून त्याला हे काम दिलं. नव्या वसाहतीत देवळाशेजारी त्याची ताडपत्रीची शेड होती. वैतरणेची रेती, सिमेंट, सळया आणि तो. नवसी बाजारातून परत येताना वाट वाकडी करून त्याच्याकडे जायची.

"आवं मावशी, आज काय आनलंय?" तो लांबूनच ओरडायचा.

"आधी नाक कर नीट. हे नाक आमच्याकडचं नाय. हे तुझ्या सासूचं नाक हाय."

"माझ्या सासूचं नाक बघितलं असतं तर पळाला असतात तुमी." तो थापीने नाक उतरवायचा. "बास?"

"अजून थोडं. हां. आता बोंबील खा."

पहिल्यांदा त्याला वास सोसवेना. पुढे तो भाकरीबरोबर मागून घ्यायला लागला. वल्ह्याची पात किती रुंद, मूठ कशी, हे नवसीने त्याला खरं वल्हं आणून दाखवलं. पात वर, डावा हात रिकामा, केस पाठीवर. मूर्ती पुरी होत आली तेव्हा साहेबांनीच निरोप धाडला: सगळ्या पाड्याला घेऊन या, बघून जा, मगच उठा.

सगळे आले. चिंधूसुद्धा. नवसी चालून दमली होती, ती शेडच्या कोपऱ्यात पोत्यांनी झाकलेलं काहीतरी होतं त्याला टेकून बसली. माणसं मूर्तीपुढे कितीतरी वेळ उभी. चिंधूच्या बायकोने, मंजुळाने, पुढे होऊन कासवाच्या तोंडाला हात लावला. "जमिनीकडंच हाय," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. घरी जाऊन चिंधूने छपरावरची पहिली पेंढी स्वतःच्या हाताने काढली.

पाडा उठला. आठ दिवसांत खाडीच्या तोंडाशी तारेचं कुंपण पडलं आणि तिकडे जायची वाट बंद झाली.

त्यानंतर नवसी शेडकडे गेली तर ताडपत्री चारही बाजूंनी बांधलेली. पुंजाराम बाहेर बसलेला. "रंग चाललाय मावशी. आता पडदा उघडंल तवाच बघायचं."

नवसीने लगेच मान हलवली. तिच्या पाड्यातही होडीवर देवीची खूण रंगवताना कुणी बघत नसे. हा घाटावरचा माणूस आपली रीत पाळतोय, याचंच तिला कौतुक वाटलं. बोंबील ठेवून ती गेली. पुंजारामने त्या दिवशी ते उघडले नाहीत, हे तिला दिसायला ती मागे वळली कुठे?

आता मांडवातून निघून ती सरळ त्या शेडवर आली. पुंजाराम वळकटी बांधत होता. तिला बघून त्याचे हात थांबले.

"घागर कधी केलीस?" नवसीने विचारलं.

"मावशी, वरनं हुकूम व्हता. त्ये चष्मेवालं म्हणालं, कासवावर उभी ऱ्हाते ती यमुना. पोथीत हाये. तिच्या हातात घागरच असती. वल्हं कुठल्या बी देवीच्या हातात न्हाई म्हणं. पाव्हण्यांच्या पत्रिकेत नाव लागतंय, तुमी तर नाव सांगंना..."

"ते नाय विचारलं. घागर कधी केलीस?"

पुंजाराम पुन्हा वळकटीची दोरी आवळायला लागला.

"तोंड नाय तुला? बोंबील खायला होतं."

"आधीच," तो म्हणाला. "तुमी समदी बघाया आला व्हता, तवा झाली व्हती. मुकुट, हार, घागर, समदं. वल्हं नुसतं खिळ्यावर अडकवलं व्हतं. निघंल असं बसव, म्हणालं."

"कुठं होती घागर तेव्हा?"

"पोत्याखाली."

नवसीला ते समजायला वेळ लागला. मग समजलं. ज्याला पाठ टेकून ती आपल्या माणसांचे चेहरे बघत बसली होती, ज्याला टेकून तिने मंजुळाला रडताना बघितलं आणि वाटलं की आपण जन्माला येऊन एक काम नीट केलं, ते हे होतं. तिच्या पाठीला ते लागलंसुद्धा होतं.

"मना सांगायचं," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "कानात सांगायचं. आमी नसतो उठलो."

"म्हनूनच सांगू दिलं न्हाई. मावशी, मला कामावरनं काढलं असतं."

"काढलं असतं. मंग? आमाला घरातनं काढलं."

त्याने वळकटी खाली ठेवली आणि तिच्या पायाशी वाकला. नवसीने पाय मागे घेतले. शिव्या तिच्याकडे पुष्कळ होत्या. बोईसरच्या बाजारात त्या ऐकायला लोक मुद्दाम थांबत. त्यातली एकही तिने त्याच्यावर खर्च केली नाही. ती निघून गेली.

पुढे पाड्याने तिला वाळीत टाकलं असं कुणी म्हणणार नाही. तसं उघड कोण करतं? पण नव्या होडीची ओटी तिच्या घरून मागायला कुणी आलं नाही. मंजुळा विहिरीवर भेटली की घागर अर्धी भरूनच निघून जायची. देवळात सकाळ-संध्याकाळ कर्णा लागायचा, यमुनादेवीचा जयजयकार वसाहतभर व्हायचा. आपल्या देवीचं नाव जपून ठेवणाऱ्या माणसांच्या कानावर दिवसभर दुसरीचं नाव. बाया देवळात जायच्या, हात जोडायच्या, आणि पुढे काय म्हणायचं ते न कळून परत यायच्या.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या आता दांडीला लावाव्या लागत. एका दुपारी वाऱ्याने फिरून मारलं आणि चिंधूची होडी आडवी झाली. जाळी गेली. डोलकाठी कोसळली ती त्याच्याबरोबर होडीत असलेल्या रामाच्या हातावर. हात कोपरापासून मोडला. कसेबसे पाणी उपसत ते परत आले. किनाऱ्यावर बायांची धावाधाव झाली. नवसी चिंधूपाशी गेली. महिन्या-दोन महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती.

"हाक मारलीस?"

"नाय."

"अरे, का नाय?"

चिंधूचे ओठ मिठाने फुटले होते. "तोंड उघडलं, वयनी. पण कुणीकडं तोंड करून हाक मारू? खडक तारेच्या आत. त्याचं काय केलं ठाऊक नाय. देवळात ती घागरवाली. आपलीला हाक मारली तर ती उठणार कुठनं? येणार कुठनं?" त्याने ओठ पुसले. "महादूदादानं दोनदा मारली होती हाक. दोनदा परत आला. मना मारता नाय आली. मी पाणी उपसत बसलो."

एवढं बोलून तो रामाला उचलायला गेला. आजवर त्याने तिला लावलेला बोल तिने सोसला होता. हे मात्र तिला सोसेना, कारण यात बोल नव्हताच.

दुसऱ्या दिवशी ती टोपली न घेता निघाली आणि ऑफिसात पोचली. शिपाई 'थांब, थांब' म्हणेपर्यंत ती साहेबांच्या टेबलासमोर फरशीवर बसली होती.

साहेबांनी तिला ओळखलं. रागावले नाहीत. "बाई, खुर्चीवर बसा," म्हणाले. ती बसली नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. यमुना ही फार मोठी देवी. वेरूळच्या लेण्यात आहे, पुराणात आहे. अडाणीपणामुळे तुम्ही तिला विसरला होता. आम्ही तुम्हाला ती परत मिळवून दिली. "तुमच्या देवीला आम्ही कमी केलं नाही, बाई. मोठीच केली."

"मोठी होऊन ती कुणाची झाली, साहेब?"

"सगळ्यांची."

"आणि आमची?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर जीप सुरू झाली होती. "वल्ह्याला शास्त्रात कुठेही आधार नाही," ते उठत म्हणाले. "मी काय करू?"

शिपायाने तिच्या दंडाला हात लावला. नवसीने तो झटकून टाकला आणि साहेब आणि दार यांच्या मधल्या जागेत सरकून बसली.

"तुमी काय करायचं ते सांगते. वल्हं राहू दे. देऊळ राहू दे. पोथीतलं मना काय कळत नाय, ते पण राहू दे. रामा हात मोडून घरी पडलाय, पण बाकीची उद्या परत जाणार. जावंच लागतं त्यांना. वारा फिरंल, होडीत पाणी येईल. आमच्या माणसांना समुद्रात हाक मारायला एक नाव होतं, ते तुमी घेतलंत. ती यमुना नदीची, गोड्या पाण्यातली, तिला आमच्याकडची वाट ठाऊक नाय. मंग त्यांनी आता कुणाला हाक मारायची? शब्द तुमी दिला होता. तुमालाच मारतील. मी सांगते त्यांना तसं."

साहेब दारापाशी थांबले होते.

"फक्त कुणाच्या नावानं मारायची ते कळू दे. एवढे दिवस साहेब, साहेब करतोय, पण नाव तुमीसुद्धा कधी सांगितलं नाय. बोला साहेब. नाव काय तुमचं?"